अर्ध्या तासाची साक्ष

माझ्या धाकट्या भावाला साप चावला, तेव्हा दवाखान्यात मी वेळ खोटी सांगितली. चावून तीन तास होत आले होते. मी म्हणालो, अर्धा तास. त्या एका खोट्यामुळे एका निर्दोष डॉक्टर बाईंवर ठपका आला आणि जवळजवळ दोन वर्षं मी तो राहू दिला.

आमचं गाव नायगाव आणि बिलोलीच्या मधलं. मी शेतीचा पदवीधर. फाट्यावर आमचं खत-बियाण्यांचं दुकान आहे. पेरणीच्या दिवसांत दुकानासमोर माणसं जमवून मीच सांगायचो, रानात बूट घाला, साप चावला तर सरळ दवाखाना गाठा. आणि सकाळी आठच्या सुमारास सोयाबीनमध्ये सख्ख्या भावाच्या पायाला घोणस चावली, तेव्हा मी त्याला मोटारसायकलवर मधे बसवून मारुतीच्या देवळात नेलं.

आमच्याकडे साप चावलेल्या माणसाला मारुतीपुढे बसवतात आणि कडुलिंबाचा पाला चावायला देतात. कडू लागला नाही तर विष चढलंय, कडू लागला तर उतरलंय. पहिल्यांदा भाऊ म्हणाला, "न्हाई लागत." मग त्याला धरून फेऱ्या घातल्या, पुन्हा पाला दिला. त्यानं तोंड वाकडं केलं. "कडू हाय. लई कडू." आम्ही नारळ फोडला. त्याला पारावर आडवं केलं, चहा मागवला आणि निवांत बसलो. असं बसायचं नसतं हे मला पक्कं ठाऊक होतं. पण चार वडीलधाऱ्यांत बोलायची हिंमत झाली नाही आणि खरं सांगायचं तर, पाला कडू लागल्यावर माझाही विश्वास बसला होता. सूज गुडघ्याच्या वर सरकली, भाऊ असंबद्ध बोलू लागला, तेव्हा उठलो.

सरकारी दवाखान्यातल्या मॅडम वयानं लहान होत्या, सव्वीस-सत्तावीसच्या असतील. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "किती वाजता चावला?"

शेजारच्या खाटेजवळ नर्सबाई कुणाला तरी रागावत होत्या, "आधी देवळात आणि मग इथं, अडाणी कुठले!" ते ऐकलं आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "अर्धा तास झाला."

"नक्की? सूज केवढी चढलीय बघा."

"नक्की, मॅडम. चावला तसा उचलून आणला."

त्यांनी केसपेपरवर लिहून घेतलं. लगेच सलाईनमधून इंजेक्शन सुरू केलं, नांदेडला फोन लावला आणि अँब्युलन्समध्ये स्वतः शेजारी बसून आल्या. भाऊ वाचला. पाय मात्र गुडघ्याखाली कापावा लागला.

नंतर पारावर हिशेब मांडला गेला. अर्ध्या घंट्यात नेलं तरी पाय गेला, म्हंजे बाईनंच घोळ घातला. तक्रार करायचं ठरलं. शिकलेला मीच, म्हणून अर्ज माझ्या हातानं लिहिला. भावानं सही केली, साक्षीदार म्हणून मी केली. त्याला त्या सकाळचं धड आठवत नव्हतं. "देवळात घडीभर थांबलो असू, न्हाई का दादा?" तो विचारायचा. मी मान हलवायचो.

चौकशी बसली. सूज बघता चावून बराच वेळ झाला असणार, असं मॅडमनी लेखी दिलं. पण केसपेपरवर त्यांच्याच अक्षरात अर्धा तास होता. पुढे एकदा दुकानात औषध घ्यायला आलेला माणूस सहज म्हणाला, "त्या बाईचं पुढचं शिक्षान अडकलंय म्हणं चौकशीपायी." मी त्याला फवारणीचं प्रमाण समजावून सांगत राहिलो.

मग लेक बारावीला आली. तिला डॉक्टर व्हायचंय. लातूरला क्लास लावला, एक खोली घेतली. बायकोची अंगणवाडी, तिला सुटी नाही. दुकान भाऊ सांभाळतो. म्हणून स्वयंपाकाला मी गेलो. त्या इमारतीत प्रत्येक खोलीत एक आई आणि एक परीक्षा. बाप मी एकटाच. जिन्यात काकूलोक विचारायच्या, "काका, आज वरणात मीठ टाकलंत का?"

"टाकलं. दोनदा."

"मग उद्या टाकू नका, जमून जाईल."

दुपारी क्लासमधून आली की लेक जेवता जेवता मोबाइलवर एक जपानी कार्टून मालिका बघायची. रोज एकच भाग, तेवढीच करमणूक. एका डॉक्टरवर पेशंटला मारल्याचा आळ येतो आणि तो गावोगाव लपत फिरतो, अशी गोष्ट. पात्रं हिंदीत बोलत, त्यामुळे मलाही कळायची. सुरुवातीला मी म्हणायचो, कार्टून बघायचं वय आहे का हे. नंतर मीच पोळ्या करता करता वाकून बघायला लागलो.

एके दिवशी दुकानाच्या पत्त्यावर नांदेडहून चौकशीचं पत्र आलं. सोमवारी जबाबाला हजर राहा. भाऊ फोनवर म्हणाला, "दादा, तुझ्याच जबाबावर सगळं हाय. अर्धा घंटा म्हण, ठासून."

"हाव," मी म्हणालो.

त्याच दुपारी तो भाग लागला. डॉक्टर पळत पळत एका बंदराच्या गावात येतो. तिथे मासे भाजून विकणारा एक म्हातारा असतो. तो पूर्वी त्याच इस्पितळात लिफ्ट चालवायचा. पेशंट मेला तेव्हा डॉक्टर वर पोचलेच नव्हते, हे जगात त्या एकट्याला ठाऊक असतं. दोघं एकमेकांना ओळखतात. म्हाताऱ्याचा हात निखाऱ्यावर भाजतो. आता डॉक्टर त्याला जाब विचारतील असं मला वाटलं. त्यांनी काही विचारलं नाही. हात गार पाण्यात धरला, मलम लावलं, पट्टी बांधली. तेवढ्यात पोलीस आले, डॉक्टर मागच्या दारानं निघून गेले. पोलिसानं विचारलं, "इसे पहचानते हो?" म्हातारा गप्प. भाग संपला.

"बोलत का नाही हा?" लेक चिडली. "एक वाक्य तर बोलायचंय!"

"भीत असेल. लेकरंबाळं असतील त्याला."

"मग डॉक्टरला नसतात का लेकरंबाळं? मला खुन्यापेक्षा ह्याचाच राग येतोय, पप्पा."

"पुढच्या भागात बोलतो का?"

"मला काय माहीत? उद्या बघू." ताट सरकवून ती उठली. "पप्पा, पोळी जळून राहिली."

तव्यावर पोळी काळी झाली होती. मी गॅस बंद केला आणि तिथेच ओट्याला टेकून उभा राहिलो. माझ्या भावाच्या शेजारी सलाईनची बाटली धरून बसलेल्या मॅडम मला अँब्युलन्सच्या काचेतून दिसल्या होत्या. मी मागून मोटारसायकलवर होतो. सगळ्या रस्त्यात त्यांनी हात खाली घेतला नव्हता.

सोमवारी नांदेडला गेलो. लांबट खोली, चौकशीचे साहेब, टंकलेखक, भिंतीलगत मॅडम आणि दुसऱ्या बाजूला भाऊ. त्याच्याबरोबर गावचे दोन जाणते आले होते. साहेबांनी विचारलं, "दवाखान्यात आणलं तेव्हा चावून किती वेळ झाला होता?"

मी म्हणालो, "तीन तासाला थोडा कमी. अर्धा तास हे मी खोटं सांगितलं होतं."

टंकलेखकाची बोटं थांबली. साहेब म्हणाले, "लिहा. थांबलात कशाला?"

मग मी सगळं सांगितलं. देऊळ, पाला, नारळ, चहा. मॅडमनी दोनदा विचारलं होतं तेही सांगितलं. अर्जातलं अक्षर माझं आहे हे सांगितलं. मागून जाणत्यांपैकी एक जण पुटपुटला, "येडं झालं का हे?" आजवर चार माणसांत मी कधी आवाज चढवून बोललेलो नाही. त्या दिवशी माझा आवाज खोलीभर ऐकू येत होता. जबाब वाचून दाखवला. मी सही केली. मॅडमनी खाली घातलेली मान वर केली होती.

बाहेर भाऊ कुबडीवर उभा होता.

"तीन घंटे? दादा, मला घडीभर वाटत होतं."

"मीच तसं वाटू दिलं. तुझा पाय माझ्यापायी गेला. मला माफ कर, बाळा."

तो कुबडी बाजूला ठेवून पायरीवर बसला. "पाला कडू लागला म्हणून मीच सांगितलं व्हतं. खरं तर काहीच लागत न्हवतं. तुमची तोंडं बघून म्हणालो." मग म्हणाला, "पण तू खोटं बोलायला नको व्हतं. दोन साल मी त्या पोरीला शिव्या देऊन राहिलो."

महिनाभरात निकाल आला. मॅडम निर्दोष ठरल्या. भावानं तो कागद गावात पारावर मोठ्यांदा वाचला. ज्यानं शिव्या दिल्या त्यानंच वाचावं, असं त्याचं म्हणणं. कुणी हसलं, कुणी उठून गेलं. पण त्याच वर्षी पावसाळ्यात आमच्या शेजारणीला भाजी खुडताना साप चावला आणि तिचे घरचे सवयीनं देवळाकडे वळले, तेव्हा पुजारीच दारात आडवा उभा राहिला. "मारुती कुठं पळून जात न्हाई. आधी दवाखाना. नारळ घेऊन मागून या." पंचवीस मिनिटांत ती दवाखान्यात होती आणि चौथ्या दिवशी आपल्या पायांनी चालत आली. तिच्या नारळाचा पहिला तुकडा भावानं खाल्ला.

मी दोन दिवसांसाठी गावी आलो होतो. त्याच संध्याकाळी त्यानं मला विचारलं, "मॅडमला भेटलास का?"

"साहेबांपुढे सगळं कबूल केलं ना."

"साहेबाला सांगितलंस. तिला काय सांगितलंस?"

मॅडमना पुढच्या शिक्षणासाठी प्रवेश मिळाला होता, आणि तोही लातुरात, माझ्या खोलीपासून रिक्षानं दहा मिनिटांवर. तरी कित्येक आठवडे मी गेलो नव्हतो. भाऊ म्हणाला, "मी येतो संगं. मलाबी तिला काही म्हणायचंय."

दवाखान्याच्या लांब व्हरांड्यात आम्ही उभे राहिलो. मॅडम दोन पेशंटच्या मधे बाहेर आल्या. गळ्यात स्टेथोस्कोप, हातात फायली. त्यांनी आधी भावाकडे, त्याच्या नव्या कृत्रिम पायाकडे बघितलं आणि विचारलं, "दुखतं का अजून?"

"न्हाई मॅडम. पळतो आता."

त्या हसल्या. मग माझ्याकडे वळल्या. लिहून ठेवलेली चार वाक्यं खिशात होती, ती काढली नाहीत. मी हात जोडले आणि म्हणालो, "मॅडम, तुमच्यावर आळ आला तो माझ्यामुळे. कळत असून मी गप्प बसलो. माझं चुकलं. मला माफ करा."