चिंचेखालच्या गाड्या आणि देवरावचं कुंकू

मालक कचेरीत शिरला की ड्रायव्हरला तीन-चार तास काम नसतं. चंद्रपूरच्या जिल्हा कचेरीमागे एक चिंच आहे, तिच्या सावलीत आम्ही गाड्या लावतो आणि गप्पा हाणतो. असे किस्से साठायला वेळ लागत नाही. पूर्वी विषय मालकाच्या रागाचा असायचा, आता कोणाची गाडी आपणहून काय काय करते याचा. मी एका डॉक्टरांची पांढरी गाडी चालवतो. गणपतकडे ठेकेदाराची निळी आहे आणि देवरावकडे राईस मिलवाल्यांची नवी काळी. देवराव त्यांच्याकडे चोवीस वर्षं आहे.

*

गणपतच्या निळीला रस्त्यावरचा आपला पट्टा सोडलेला खपत नाही. इंडिकेटर न देता पांढरी रेघ ओलांडली की स्टेअरिंग आपणच मागे ओढते. मूल रोडवर त्याने खड्डा चुकवायला गाडी बाहेर काढली, तर तिने त्याला परत आणून बरोब्बर खड्ड्यात घातलं.

"खड्ड्याशी तुही काय सोयरीक हाय वं?" असं त्याने तिला विचारलं म्हणे.

आता तो प्रत्येक खड्ड्याला इंडिकेटर देतो. मागचे लोक मात्र हा शेतात वळणार म्हणून थांबून राहतात.

*

माझी पांढरी पुढच्या वाहनापासून अंतर राखून चालते. चिमूरच्या रस्त्यावर एकदा पुढे भाताच्या तणसाने भरलेली बैलगाडी आली. पलीकडून ट्रकांची रांग, त्यामुळे ओव्हरटेक नाही. आम्ही कोसभर बैलांच्या चालीने, अदबीने मागे मागे गेलो. शेवटी गाडीवान उतरला आणि हात जोडून माझ्या काचेशी आला.

"साहेब, कवाचे मांगं मांगं येऊन राह्यले. माहं काई चुकलं काय?"

मागच्या सीटवर डॉक्टर झोपले होते. एवढी छान झोप महिन्यात लागली नव्हती, असं ते नंतर म्हणाले.

*

पण हसता हसता एक सांगतो. बल्लारपूरच्या अलीकडे मी क्षणभर डावीकडे पाहिलं आणि उजवीकडून एक म्हातारी मोहफुलांची टोपली घेऊन रस्त्यात आली. माझा पाय ब्रेकवर पोचायच्या आत गाडीने ब्रेक मारला होता. म्हातारीने मला भरपूर शिव्या दिल्या आणि मी त्या सगळ्या आनंदाने ऐकल्या. ती निघून गेल्यावर मी बॉनेटवर डोकं टेकवलं. त्या गाडीचे उपकार मी विसरणार नाही.

*

आता देवराव. त्याच्या काळीत ड्रायव्हर पेंगतोय असं वाटलं की समोर चहाच्या कपाचं चित्र येतं. एकदा लांबच्या वाटेवर देवराव झोपेत नव्हता, गाडी डावी-उजवीकडे वळवत खड्डे चुकवत होता. गाडीला ते डुलक्या घेणं वाटलं. आणि देवरावला वाटलं, गाडी चहाची वेळ सांगते आहे. गडचिरोलीला पोचेपर्यंत त्याने मालकांना पाच ठिकाणी चहा पाजला.

"गाडी म्हन्ते त थांबा लागते नं," असं त्याचं म्हणणं.

आम्ही पोट धरून हसलो. पण मालकांचा मुलगा पुण्याहून आला, त्याने गाडीतली नोंद पाहिली. पाच वेळा पेंगला! देवरावकाका थकले, बाबा, ही गाडी तुम्हाला स्वतःच सांभाळून नेईल, असं त्याने वडिलांना पटवलं. दसऱ्यापर्यंत राहा आणि मग घरी आराम करा, असं देवरावला सांगण्यात आलं. त्या दिवशी चिंचेखाली कोणी हसलं नाही.

मला आठवलं, मालकीणबाईंचं नागपूरला ऑपरेशन झालं तेव्हा याच देवरावने त्यांना जुन्या गाडीतून घरी आणलं होतं. तीन तासांच्या वाटेला सहा तास लावले. बाई आजही सांगतात, "माह्या टाक्यांले एक हिसका लागू देला नाई त्यानं." असली सिस्टिम आमच्या तिन्ही गाड्यांत नाही.

*

दसऱ्याला देवरावने काळी धुऊन पुसून उभी केली आणि बाईंनी तिची पूजा केली. पुढच्या कंपनीच्या चकचकीत बिल्ल्यावर त्यांनी ओल्या कुंकवाचं जाड स्वस्तिक काढलं. देवरावने चावी मालकांच्या हातात दिली, गाडीला हात जोडले आणि तो पायीच घरी निघाला.

मालकांनी गाडी सुरू केली तर पडद्यावर लाल अक्षरं. पुढचा सेन्सर झाकला आहे, सगळी मदत बंद. मदतीशिवाय गाडी फाटकाबाहेर काढायची मालकांची छाती होईना. डॉक्टरांचा बंगला समोरच, म्हणून मला हाक मारली. त्या बिल्ल्यामागेच गाडीचा डोळा असतो. मी ओल्या फडक्याने कुंकू पुसलं आणि अक्षरं गेली. मालक खूश झाले, उद्यापासून मीच चालवणार म्हणत आत गेले.

बाई सोनं द्यायला बाहेर आल्या. आपट्याची पानं माझ्या हातात ठेवली, फाटकाकडे पाहिलं, मग बिल्ल्यावर बोट ठेवून हळूच विचारलं, "इथीच असते का भाऊ, तो डोळा?"

"हो बाई."

"कुकू ओलंच लावा लागते, का सुकंबी चालते?"

मी जरा विचार केला. "ओलं, बाई. अन् जाड."

तेव्हापासून बाई रोज सकाळी गाडीची पूजा करतात आणि पूजेचं कुंकू पुसायची मालकांची छाती होत नाही. देवराव अजून काळी घेऊन चिंचेखाली येतो.