पट्टीचं पेटंट आणि आमची व्याख्यानमाला

पीएचडी झाल्यावर माणूस पोस्टडॉक होतो, म्हणजे काम तेच करतो, फक्त आता त्याला विद्यार्थी म्हणता येत नाही आणि नोकरदारही म्हणता येत नाही. मी अशी काही वर्षं होते. जखमेवर लावायची एक पट्टी बनवत होते. मधुमेह असलेल्या माणसाच्या पायाला जखम झाली की ती लवकर भरत नाही, आणि दर वेळी ड्रेसिंग बदलताना नवी आलेली कातडी जुन्या पट्टीबरोबर सोलून निघते. माझी पट्टी जखमेला चिकटत नसे. ती कोळंबीच्या सालांपासून व्हायची, त्यामुळे माझ्या शेजारी बसून डबा खायला प्रयोगशाळेत कुणी तयार नसे. एवढं सोडलं तर काम उत्तम चाललं होतं.

घरी मात्र या कामाला नाव नव्हतं. बाबा शाळेत मराठी आणि संस्कृत शिकवून निवृत्त झालेले. कुणी विचारलं की ते सांगत, "ती जखमांचं काहीतरी करते." त्या 'काहीतरी'चा मला राग यायचा. पण समजावून सांगायला बसावं तर ते पेपरातलं शब्दकोडं बाजूला ठेवत नसत, म्हणून मी नाद सोडला होता.

मग मला एक फेलोशिप मिळाली. संशोधकांनी शोधनिबंध छापून गप्प बसू नये, आपला शोध बाजारात न्यावा, यासाठी ती होती. अट एकच, पण ती मोठी होती: मुदत संपायच्या आत पट्टी तयार करायला एखादी कंपनी राजी झाली पाहिजे. नाही झाली तर फेलोशिप संपली, आणि पट्टी कायमची माझ्या शीतकपाटात. आम्हां फेलोंना हिंजवडीच्या एका हॉटेलात नेऊन प्रशिक्षण दिलं. कोट घातलेल्या एका तरुण मुलाने आम्हाला सांगितलं की संशोधकांचा मोठा दोष म्हणजे ते विचारलं नसतानाही सगळं सांगतात. आम्ही सगळ्यांनी ते वहीत लिहून घेतलं. परतताना बस रहदारीत इतकी अडकली की तेवढ्या वेळात आम्ही एकमेकांना आपापलं सगळं संशोधन सांगून टाकलं.

मला कंपनी मिळाली. खराडीत ऑफिस होतं. तिथल्या लोकांनी पट्टी चिमटीत धरली, पाण्यात बुडवली, ताणून पाहिली आणि कॉफी मागवली. कॉफी आली तेव्हा मला वाटलं, झालं. ते म्हणाले, करार करू, फक्त आधी पेटंटचा अर्ज जाऊ दे. पेटंट नसेल तर उद्या कुणीही तीच पट्टी बनवेल, मग आम्ही कारखान्यात पैसे कशाला घालायचे? मलाही ते पटलं. त्यांनी त्यांचे वकील माझ्याकडे पाठवले.

वकील पुण्याचेच होते, म्हणजे बोलायला मोजके आणि ऐकून घ्यायला त्याहून मोजके. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "या पद्धतीबद्दल कुठे जाहीर बोललात का?"

"शोधनिबंध अजून छापलेला नाही," मी म्हणाले.

"ते नाही विचारलं. बोललात का?"

बोलले होते. आमच्या भागात उन्हाळ्यात व्याख्यानमाला चालते. बाबा तिचे चिटणीस. त्या वर्षी जुन्या पाणीपुरवठ्यावर बोलणाऱ्या गृहस्थांचा घसा बसला आणि एक दिवस मोकळा राहिला. बाबांनी जेवताना मला विचारलं, "तू बोलशील का? घरचा वक्ता म्हणून मानधन मिळणार नाही. नारळ मिळेल." मी आधी त्यांना वाचून दाखवते म्हटलं, तर म्हणाले, "नको. आधी ऐकलं तर श्रोता म्हणून बसता येत नाही."

व्याख्यान मराठीत द्यायचं होतं आणि तीच पंचाईत झाली. इंग्रजीत मी जे चार जड शब्दांमागे लपवून ठेवलं असतं ते मराठीत नीट सांगावं लागलं. सालं कशी कुटायची, कशात विरघळवायची, गोठवण्याआधी थंड जागी का ठेवायची, सगळं. समोर बहुतेक निवृत्त मंडळी होती. माइक घरघरत होता. शेवटी एका गृहस्थांनी प्रश्न म्हणून स्वतःच्या गुडघ्याची हकीकत सांगितली. दुसऱ्यांनी विचारलं की शाकाहारी माणसाला ही पट्टी चालेल का. अध्यक्ष म्हणाले, "खाणार नसाल तर चालेल." घरी येताना बाबा एवढंच बोलले, की आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचत नव्हता.

वकिलांनी हे सगळं ऐकून चष्मा काढला आणि पुसला. अर्जाआधी पद्धत लोकांसमोर उघड झाली तर ती नवी राहत नाही, हे त्यांनी मला लहान मुलीला सांगावं तसं सांगितलं. मग विचारलं, "ध्वनिमुद्रण?"

"नाही."

"छापील काही?"

"नाही."

"कुणाला काही समजलं असेल का?"

मी समोरच्या रांगा आठवल्या. गुडघेवाले गृहस्थ आठवले. आणि पहिल्या रांगेत हाताची घडी घालून बसलेले बाबाही आठवले. "नसावं," मी म्हणाले.

वकिलांना प्रथमच जरा बरं वाटलेलं दिसलं. ऐकणाऱ्याच्या हाती पद्धत लागलीच नसेल तर वाद घालायला जागा होती. आयोजकांनी लेखी द्यायचं, की व्याख्यान सर्वसाधारण माहितीचं होतं आणि त्यावरून पट्टी कशी बनते ते कळत नव्हतं. एवढं मिळालं तर अर्ज पुढे जाईल. आयोजक म्हणजे बाबा.

वकील आमच्या घरी आले. बाबांनी त्यांना बसवलं, चहा आला, आणि वकिलांनी टाइप करून आणलेला कागद पुढे केला. बाबांनी तो वाचला. शुद्धलेखनाची एक चूक दाखवली. मग म्हणाले, "यावर मला सही करता येणार नाही."

"सर, ही औपचारिक गोष्ट आहे," वकील म्हणाले. "मुलीचाच फायदा आहे."

"ते कळलं. पण कळत नव्हतं असं यात लिहिलंय. कळत होतं की."

"म्हणजे जखमा, मधुमेह, हे साधारण..."

"साधारण नाही," बाबा म्हणाले, आणि वर्गात उभे राहायचे तसे खुर्चीतच सरळ झाले. "सालं धुऊन, वाळवून पूड करायची. ती सौम्य आम्लात विरघळवायची. समुद्री शेवाळातला चिकट पदार्थ वेगळा घ्यायचा. दोन्ही एकदम ओतायचे नाहीत, नाहीतर गुठळ्या होतात. मग रात्रभर चार अंशांवर ठेवायचं, विरजण लावल्यासारखं, अजिबात हलवायचं नाही. इथेच सगळी मेख आहे. त्याआधी गोठवलं तर छिद्रं मोठी होतात आणि त्यात नवी कातडी शिरून अडकते. सगळ्यांचं तिथेच चुकत होतं. हिचं चुकलं नाही."

शेवटचं वाक्य मी व्याख्यानात म्हटलं नव्हतं. बाकी सगळं जसंच्या तसं होतं.

वकिलांनी कप बशीत ठेवला. "बाकीच्या श्रोत्यांनाही इतकं समजलं असेल?"

"बाकीच्यांचं मी कसं सांगू?" बाबा म्हणाले. "मुलगी माझी होती."

मला एकदम इतका आनंद झाला की काय बुडालं हे कळायला थोडा वेळ लागला. वकिलांना लगेच कळलं होतं. त्यांनी कागदाची नीट घडी केली, बॅगेत ठेवली, आणि चहा छान झाला होता असं सांगून गेले. कंपनीचं त्यानंतर एक अतिशय सभ्य पत्र आलं. फेलोशिपच्या मुदतीत दुसरी कंपनी मिळाली नाही. पट्टी बनवायला आता कुणालाही मोकळीक होती, म्हणून कुणीच बनवली नाही.

पण ते पुढचं. त्या दिवशी वकिलांना जिन्यापर्यंत सोडून मी आत आले तेव्हा बाबा शब्दकोडं घेऊन बसले होते. पेन उघडलेलं नव्हतं.

"माझ्यामुळे तुझं नुकसान झालं का?" त्यांनी विचारलं.

"झालं," मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली. पेनाचं टोपण काढलं. मग वर न बघता म्हणाले, "चार अंशच ना? मध्येच वाटलं, चुकलो की काय."

"चारच," मी म्हणाले. "सगळं बरोबर सांगितलंत, बाबा."