कमांडरचा नातू

या, अशा जवळ बसा. आणि तो फोन ठेवा आधी! एडिसनला येता, डोसे खाऊन परस्पर निघून जाता; म्हातारी दोन गल्ल्यांवर राहते हे आठवत नाही होय? आमच्या शेजारचे आजोबा बघायला हवे होते तुम्ही. गाडी कधी रिव्हर्स घ्यायचे नाहीत. सरळ आत, सरळ बाहेर अशी जागा मिळेपर्यंत पार्किंगमध्ये चकरा. शेजारी मी, मांडीवर भाजीची पिशवी.

"अहो, कोथिंबीर सुकली माझी!"

"मॅडम, माझे आजोबा कॉकेशसमध्ये कधी मागे हटले नाहीत."

रशियात राजा गेला, आपसात लढाई जुंपली, तेव्हा त्यांचे आजोबा तिकडच्या डोंगरांत लाल सैन्याविरुद्ध लढणारे कमांडर होते. त्यांची तलवार आमच्या शेजाऱ्यांच्या हॉलमध्ये टांगलेली. मला त्या कमांडरच्या घोड्याचा रंगसुद्धा पाठ! एकदा सहज विचारलं, "हटले नाहीत, तर न्यू जर्सीला कसे पोचले?"

चार दिवस गाडीत घेतलं नाही मला.

मग दसरा आला. पाटावर सुनेचा लॅपटॉप, माझी विळी, गाडीची किल्ली मांडली होती. शस्त्रांची पूजा म्हटल्यावर शेजारचे आजोबा कोट घालून, तलवार घेऊन हजर.

"ठेवा की," मी म्हटलं. "पण ज्यावर घर चालतं, ते आम्ही पुजतो. आजोबांचं घर कशावर चाललं?"

त्यांचा चेहरा उतरला. तलवार उचलून निघूनच गेले.

नात म्हणाली, "आजी, यू हर्ट हिम!" मला पुरण गोड लागेना.

अर्ध्या तासानं बेल वाजली. दारात परत तेच, हातात लांब दांड्याचा डाव, काठ झिजलेला.

"ते हरले, मॅडम. पळून आले. इथे एका हॉटेलात तीस वर्षं सूप ढवळलं. आजी म्हणायची, हे कुणाला सांगायचं नाही."

"तीन-चार पोरं जगवली असतील यानं."

"तीन. आणि मला."

मी डावाला हळदकुंकू लावलं, झेंडू वाहिला. मग पुरणपोळी खाता खाता त्या सुपाची कृती सांगत बसले. बीट किती, शेपू किती. घोड्याचं नावही काढलं नाही!

गेल्या महिन्यात त्यांची मुलगी त्यांना टेक्सासला घेऊन गेली. तलवार सामानाच्या ट्रकमध्ये गेली. डाव मात्र त्यांनी कुणाच्या हाती दिला नाही. मांडीवर आडवा घेऊन गाडीत बसले, नवरीमुलगी ओटी सांभाळते तसे.

आता दुपारी मी ते सूप करते, पण चव घ्यायला कुणी नसतं हो. लवकर या. शेपू आणून ठेवते.