पावसाळ्यातली बोरं

शब्बीर सर गेले ते आमच्या घरापासून दोन गल्ल्या पलीकडे, आणि ती बातमी मला कळली नागपूरहून. रविवारची सकाळ होती, मी आरमोरीतल्या आमच्या अंगणात चहा घेत बसलो होतो. फोन वाजला. माझी मुलगी प्रणिता, जी नागपूरला कॉलेजात गणित शिकवते, हुंदके देत होती. “बाबा, सर गेले... तुम्ही जा ना लवकर तिकडे.” मी चपला घातल्या आणि निघालो. मित्र गेल्याचं दुःख होतंच, पण त्याच्या जोडीला एक फार लहान, फार टोचणारी गोष्ट सोबत चालत होती. त्याचं मरणसुद्धा तिला आधी कळलं आणि मला मागून. आणि ती जशी रडत होती तशी माझ्यासाठी रडेल का, हा विचार त्याच्या दारात पोचेपर्यंत मनात येऊन गेला होता.

गेलेल्या माणसाबद्दल चांगलं लिहायची रीत आहे. मीही चांगलंच लिहिणार आहे, दुसरा इलाज नाही. हेवा वाटतो तो चांगल्याचाच.

नव्वदच्या आसपास तो आमच्या कनिष्ठ महाविद्यालयात गणित शिकवायला आला. मूळ ब्रह्मपुरीचा, घरचं वेल्डिंगचं दुकान, घरात जो तो लोखंड तापवणारा, हा एकटाच खडू हातात धरलेला. मी वनस्पतिशास्त्राचा. जवळच्याच गावच्या धानाच्या शेतकऱ्याच्या घरचा, त्यामुळे झाडं मला शिकावी लागली नव्हती. आणि खरं सांगायचं तर झाडं म्हणजे माझं खातं, असं मी मानत आलो होतो. प्रणिता लहान असताना मी तिला डोळे मिटायला लावून हातात पान द्यायचो. खरखरीत लागलं की ती म्हणायची साग, गुळगुळीत जाड लागलं की मोह. चुकायची नाही. बाप म्हणून माझी जी काही मिरवायची जागा होती ती एवढीच, पण ती माझी होती.

या शब्बीरला ऐन आणि धावडा यांतला फरक शेवटपर्यंत कळला नाही! एकदा फेब्रुवारीत आम्ही दोघं मुलांना घेऊन धानोऱ्याच्या जंगलात गेलो होतो. पळस पेटला होता. मी मुलांना सांगत होतो की वसंतात पळसाला फुलं येतात, पानं आधीच गळलेली असतात, वगैरे. हा मागून आला.

“भोयर सर, वसंत म्हंजे कवा?”

“वसंत म्हंजे वसंत. झाडाले तारीख राहते का?”

“मंग दरसाली एकाच वक्ताले येते का थोडा इकडं तिकडं होते? अन् होते तं किती?”

मुलं हसली. मीही हसलो, पण मला उत्तर येत नव्हतं हे मला माहीत होतं आणि त्यालाही. पन्नास पळस ओळखीचे असून मी गप्प, आणि एकही झाड धड न ओळखणारा हा प्रश्न विचारून मोकळा. तिथून माझं पोट दुखायला लागलं ते आजवर.

त्याने मुलांना कामाला लावलं. आमची मुलं आजूबाजूच्या खेड्यांतून बसने, जीपने यायची. ज्याने त्याने आपल्या गावात पहिलं काय दिसलं त्याचा महिना सांगायचा... पळसाचं पहिलं फूल, कुसुमाची पहिली लाल पालवी, पहिलं पिकलेलं बोर. नाव कळलं नाही की मुलं फांदी घेऊन माझ्याकडे यायची. मी नाव सांगितलं की फांदी घेऊन परत त्याच्याकडे. मी म्हणजे त्याच्या दुकानातली पाटी वाचून दाखवणारा.

प्रणिता अकरावीत आली तेव्हा ही सगळी माहिती साठली होती, आणि प्रत्येक झाडाचा सरासरी महिना काढायचं काम चाललं होतं. तिच्या वाट्याला बोर आलं. एका वर्षी डिसेंबरात पिकलेलं, दुसऱ्या वर्षी जानेवारीत. तिने बारा आणि एक यांची बेरीज केली, दोनने भागलं आणि उभी राहून सांगितलं की बोरं साडेसहाव्या महिन्यात पिकतात. वर्ग हसत सुटला. पावसाळ्यात बोरं! भोयर सरांची पोरगी, आणि पावसाळ्यात बोरं! मी व्हरांड्यातच होतो. लाज वाटून मी खिडकीतून म्हणालो, “डोकं ठिकाणावर हाय का? बोर कवा पिकते हे तुले ठाव नाई?” ती खाली बघू लागली.

शब्बीर मात्र खडू ठेवून टाळ्या वाजवत होता. “बेटा, तुहा हिशोब एकदम बरोबर हाय. गलती वर्षाची हाय. आपण वर्षाले सुतळीवानी सरळ केलं, तं डिसेंबर अन् जानेवारी दोन टोकाले गेले. ते तं शेजारी हायेत न!”

त्याने सगळ्यांना खळ्यावर नेलं. खळं माझ्याच भावाचं, कॉलेजच्या मागे लागून, धान मळून झाल्यावर मोकळं पडलेलं. गोल खळ्याच्या काठाने त्याने बारा महिने मांडले, मध्ये घरच्या दुकानातून आणलेली एक लोखंडी कडी ठेवली, आणि कडीला बारा दोर. ज्या महिन्यात नोंद, त्या महिन्याच्या दोराला एक मूल. बोराची पाळी आली. एक जण डिसेंबराकडून ओढतो, एक जानेवारीकडून, आणि कडी घासत घासत बरोबर दोघांच्या मधोमध निघाली. मग त्याने जास्वंदी घेतली. ती बारा महिने फुलणारी, म्हणून बाराही दोरांना मुलं लागली. जीव खाऊन ओढत होती, कडी जागची हलेना. तेव्हा प्रणिता ओरडली, “सर, कडी नाई सरकली हेही उत्तरच हाय न? हिले ऋतूच नाई!”

शब्बीरने तिच्याकडे कौतुकाने पाहिलं. तसं बघायला मला सुचलं नसतं असं नाही, पण मी त्या वेळी खळ्याच्या काठावर उभा राहून दोर गुंडाळायचे कसे याची चिंता करत होतो. माझ्या घरच्या खळ्यावर, माझ्या झाडांवरून, माझी पोरगी त्याची झाली.

बारावीनंतर तिने सांगितलं, “बाबा, मी गणित घेतो.”

“काऊन? झाडं आवडत नाई का आता तुले?”

“आवडते. म्हून तं घेतो.”

शब्बीरला जाऊन मी सांगितलं, तर तो खरोखर हरखला आणि मला मिठी मारून म्हणाला, “यार, काय पोरगी वाढवली तुम्ही!” श्रेय मलाच दिलं. तो कधी तरी स्वतःची फुशारकी मारता, तर मला त्याला नावं ठेवता आली असती. तेवढीही सोय त्याने ठेवली नाही.

माती झाल्यावर काही दिवसांनी मी भाभींना, म्हणजे त्याच्या बायकोला, भेटायला गेलो. तो गेला त्या दिवशी प्रणिता नागपूरहून आली ती उतरून आधी याच घरी आली होती, रात्री आमच्याकडे जेवायला. मी सहज विचारलं, तिला इतक्या लवकर कळवलं कोणी?

“कळवलं कुठं, भाऊ? तिचाच फोन आला. दर इतवारी येते न. त्या दिवशी यांच्या जागी मीच उचलला.”

दर रविवारी. कितीतरी वर्षं. सकाळी ती त्याला विचारायची की इकडे काय गळतंय, काय फुलतंय, आणि तो, ज्याला धावडा ओळखता येत नव्हता, बाहेर फिरून, माणसांना विचारून तिला सांगायचा. आमच्या घरी तिचा फोन संध्याकाळी यायचा. जेवले का, गोळ्या घेतल्या का, आईला द्या. मी भाभींसमोर चहा संपवला. मेलेल्या माणसाचा इतका राग येऊ शकतो हे मला ठाऊक नव्हतं, आणि त्या रागातच त्या घरात मला पहिल्यांदा रडू आलं. भाभींना वाटलं मित्रासाठी रडतोय. तेही खोटं नव्हतं.

मागच्या रविवारी सकाळी आमचा फोन वाजला. संध्याकाळी येणारा फोन सकाळी कसा, म्हणून मी धावतच उचलला.

“सर, मोह पडून राह्यला का तिकडं?”

ती बोलून गेली आणि थांबली. नंबर आमचा लावला होता, तोंडात सवय त्याची होती. “बाबा बोलतोय” एवढं म्हणायचं होतं, ओठावर आलंही होतं... पण मग तिने ‘सॉरी’ म्हटलं असतं, आणि गोळ्या घेतल्या का, असं विचारलं असतं.

“नाई अजून,” मी म्हणालो. “कळ्या फुगल्या हायेत. पुढच्या इतवारी इचारजो.”