काचा उघड्या, आवाज मोकळा

आमच्या गाडीच्या पुढच्या काचा वर जात नाहीत, आणि त्याला माझी संगीताची जाण कारणीभूत आहे.

गाडी जुनी घेतली, तिचे स्पीकर फाटके होते. गोंदियातला दुकानदार म्हणाला, "सर, कोअ‍ॅक्सियल ले लो. एक ही में सब आ जाता है, पुराने की जगह बैठ जाएगा." पण मी फोनवर रात्रंदिवस व्हिडिओ पाहिलेले. मला कंपोनंटच हवे होते. मोठा स्पीकर दारात, गुडघ्याशी, बारीक आवाजाचा ट्वीटर वेगळा, वर कानाजवळ.

"एकातच सारं येते त दोन-दोन कायले?" बायकोनं, वंदनानं विचारलं.

"तू गुडघ्यानं आयकते का कानानं?" (हे वाक्य मला इतकं आवडलं की दुकानदारालाही ऐकवलं.)

फुलचूरच्या घरासमोर मी स्वतःच बसवले. आवाज असा की शेजारी चहाचा कप घेऊन फाटकाशी आले. मग काच वर करायला गेलो. दारात उतरलेली काच स्पीकरच्या जाड लोहचुंबकानं दाबून धरली होती. दोन्ही दारांत तेच.

दुसऱ्या दिवशी साळ्याचं लग्न, प्रतापगडाकडच्या गावात. सासूबाई आमच्याच गाडीत; कोहमाऱ्याच्या ढाब्यावर उतरल्या तेव्हा त्यांची नवी पैठणी धुळीनं मातकट झाली होती.

"जवाईबुवा, काच लावा जी."

"लागत नाही."

"मंग गाणे तरी कमी करा."

गावात दुपारी वरात निघाली आणि शंभर पावलांत डीजेचा जनरेटर बसला. नवरदेव उन्हात उभा, नवरीकडचे मंडपातून बघून राहिले. सासूबाईंचे डोळे भरून आले.

"बसले काऊन?" वंदना मला म्हणाली. "लावा ना तुमचे दोन-दोन."

मी गाडी नवरदेवापुढे घातली आणि आवाज पूर्ण सोडला. उघड्या काचांतून ठोका रस्त्यावर पडला, ट्वीटर पार वेशीवरच्या पिंपळापर्यंत किणकिणले. लोक नाचले. जनरेटरवाला नाचला. सासूबाई त्याच पैठणीत नाचल्या!

मंडपाच्या दाराशी नवरीचे काका हार घेऊन माझ्याकडे आले. जावयाचा मान म्हणून मी मान झुकवली. हार बाजूनं नवरदेवाकडे गेला.

"मस्त वाजवलं, डीजेवाले भाऊ," काका म्हणाले. "बँडवाले मांगं जेवून राहिले, तुमीबी बसून घ्या."

मी बसलो. दोनदा बुंदी घेतली, आणि पुढच्या महिन्यातल्या एका वरातीला हो म्हणून उठलो.