आत्याच्या धवल्यांची कॅसेट

आमच्या व्हिडिओ कॅमेऱ्याच्या बगलेत, रबरी झाकणाखाली, तीन भोकं होती. त्या तीन भोकांवरून आमच्या घरात जेवढी भांडणं झाली, तेवढी माझी सासूबाईंशीही कधी झाली नाहीत.

एक भोक यूएसबीचं. एक पिवळ्या, पांढऱ्या, लाल टोकांच्या वायरीचं, टीव्हीला जोडायचं. आणि तिसरं नखाएवढं, वर ‘डीव्ही’ लिहिलेलं, त्याची वायर खोक्यात आलीच नव्हती. कॅमेरा नवऱ्याने हौसेने घेतलेला, त्यामुळे कॅमेऱ्यातलं सगळं त्यालाच कळतं असा घरातला नियम होता. त्याने यूएसबीवर बोट ठेवलं. “आपल्या कॉम्प्युटरलाही हेच भोक आहे. मग विषय संपला.” असं बोलणारी माणसं सुखी असतात. त्यांच्या बायकांचं विचारू नका.

कॅसेट माझ्या भावाच्या हळदीची होती आणि तिच्यात माझी आत्या गात होती. आत्या पनवेलजवळच्या ओवे भागातल्या आमच्या गावांतली धवलारीण, लग्नात धवले गाणारी बाई. आमच्या आगऱ्यांच्या लग्नात भटजी येवो न येवो, धवलारणीशिवाय पान हलत नाही. देवांना, पितरांना ती गाऊन मांडवात बोलावते, जात्याचं, उखळाचं, हळदीचं गाणं तीच म्हणते. हे धवले कुठे लिहिलेले नसतात, बाईच्या पोटात असतात. भावाच्या लग्नानंतर वर्षाच्या आत आत्याच्या घशाचं ऑपरेशन झालं. गाठ गेली, तिच्याबरोबर आवाजही गेला. उरली नुसती फुसफुस.

भेटायला गेले तेव्हा तिने माझं मनगट धरून मला जवळ ओढलं. “तुज्या नवऱ्यानं मशीन लावलेली ना हलदीला? मना माजा गला एकदा आयकव.” जन्मभर दुसऱ्यांच्या मांडवात गायलेल्या या बाईने स्वतःला कधी ऐकलंच नव्हतं. तिने आजवर माझ्याकडे काही मागितलं नव्हतं. मी हो म्हणून बसले.

कॅमेऱ्याच्या पोटातला स्पीकर डासासारखा गुणगुणायचा. सुरुवात लावून आवाज आत्याचाच आहे एवढी खात्री केली आणि बंद केला. टीव्हीला जोडून एकदा ऐकवता आलं असतं, पण मला ते तिच्या घरी, तिच्या हाताशी हवं होतं. पाहिजे तेव्हा सीडी लावावी आणि ऐकावं. त्यासाठी कॅसेट आधी कॉम्प्युटरवर उतरवायला हवी होती.

नवऱ्याने यूएसबी जोडली. पडद्याच्या कोपऱ्यात पोस्टाच्या तिकिटाएवढं चित्र आलं. आत्या त्यात अडखळत, उड्या मारत हात हलवत होती. आवाज नाही.

“दिसतंय ना?” नवरा म्हणाला.

“ऐकायचंय तिला! बघून काय करू?”

मी कॅमेऱ्याचं माहितीपुस्तक काढून वाचलं. हे काम घरात कुणी केलंच नव्हतं. त्यात सरळ लिहिलं होतं की यूएसबी फोटोंसाठी, कॅसेटवरचं चित्र आणि आवाज जसाच्या तसा हवा असेल तर डीव्हीचं भोक वापरा. त्याला फायरवायर म्हणतात आणि कॉम्प्युटरमध्ये त्याचं वेगळं कार्ड बसवावं लागतं. मी हे नवऱ्याला सांगितलं. तो हसला. एका म्हातारीच्या गाण्यासाठी कॉम्प्युटर उघडायचा? लग्नाच्या कॅसेटी करणारा एक जण पनवेलच्या बाजारात त्याच्या ओळखीचा होता, तो करेल. मी म्हटलं, मी येते बरोबर. तर म्हणे, तुला तिथे काय कळणार. आणि मी शाळेत शिकवून घरी यायच्या आत कॅसेट देऊनही आला.

सीडी आली. आम्ही गावी गेलो. आत्याने नवी साडी नेसली होती, शेजारच्या बायकांना बोलावून ठेवलं होतं, टीव्हीसमोरची सतरंजी भरली होती. सीडी लागली. आधी पडद्यावर लाल बदाम उडाले, मग भावाचं नाव आलं, मग मांडव. आत्या ताठ बसली. पडद्यावर तिने डोळे मिटले, हात पुढे केला, तोंड उघडलं आणि तिच्या तोंडून सिनेमातल्या एका नायिकेचं फुदक्या चालीचं गाणं बाहेर पडलं.

बायका हसल्या. त्यांचंही काय चुकलं? दृश्य तसंच होतं. आत्याला आधी समजलं नाही. तिने माझ्याकडे बघितलं, पुन्हा टीव्हीकडे बघितलं. मग उठली आणि चहा ठेवायला आत गेली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली ती आज हे लिहितानाही उतरलेली नाही.

दुसऱ्या दिवशी मी एकटी त्या दुकानात गेले. मालक चांगला गुळगुळीत बोलणारा. “ताई, लग्नाच्या सीडीत ओरिजिनल आवाज कोण ठेवतं? भांड्यांची आदळआपट, पोरांची रडारड. आम्ही फक्त पिवळी वायर लावतो, चित्राची. लाल-पांढरी लावतच नाही. वरून मस्त गाणी टाकतो.” एवढ्या वर्षांत एकाही गिऱ्हाइकाने तक्रार केली नाही, हे त्याने अभिमानाने सांगितलं. मला त्याचंच जास्त झोंबलं. आख्ख्या तालुक्याच्या धवलारणी त्याने अशाच मुक्या केल्या होत्या आणि लोक पेढे देऊन सीड्या घेऊन जात होते. मी त्याला काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. रस्त्यावरचे लोक थांबून बघत होते, एवढं पुरे.

कॅसेट परत आणली. फायरवायरचं कार्ड आणि वायर माझ्या पगारातून घेतली, माणूस बोलावून कार्ड बसवून घेतलं. नवरा दारात उभा राहून बघत होता. कॅसेट जेवढा वेळ वाजते तेवढाच वेळ ती उतरायला लागतो, म्हणून मी आत्यालाच सुकापूरला आमच्या घरी घेऊन आले. म्हटलं, आता मधे कुणी नको. उतरताना तूच समोर बस.

मोठे स्पीकर लावले. बटण दाबलं. आणि आला, आत्याचा आवाज. जाडाभरडा, कमावलेला, मागच्या बायकांना ओढत नेणारा. कॅमेऱ्यातल्या डासाने मला यातलं काहीच ऐकवलं नव्हतं. आत्याने दोन्ही हात मांडीवर उपडे ठेवले होते. ती हलत नव्हती. मधेच फुसफुसली, “मी आशी गायची?” मी मान हलवली. मला रडू येत होतं आणि मी ते येऊ दिलं.

गणपतीला बोलावून झालं, गावदेवीला झालं, पितर येऊ लागले. तेवढ्यात कॅमेऱ्याच्या मायक्रोफोनच्या अगदी जवळून, सगळ्यांत मोठा असा एक आवाज आला. माझ्या नवऱ्याचा. “बस झालं रे म्हातारीचं. लावा आता डीजे, पोरं थांबलीत.” चित्र गर्रकन फिरलं. स्पीकर फाटतील असा डीजे सुरू झाला आणि पडद्यावर भाऊ मित्रांच्या खांद्यावर बसून नाचायला लागला.

मी वळून नवऱ्याकडे बघितलं. तो भिंतीकडे बघत होता. दुकानदाराला मी भर बाजारात सोललं होतं आणि त्याच्याही आधी आत्याचा आवाज दाबणारा माझ्याच घरात जेवत होता. माझ्या तोंडात शब्द तयार होते. पण आत्याने हात वर करून मला गप्प केलं.

ती खुर्चीतून उठली, स्पीकरपाशी गेली आणि वाकून त्याच्या जाळीला कान लावला. आतून नुसते दणके येत होते. टेबलावरचा पेला थरथरत होता.

“बंद करू का आत्या?” नवऱ्याने विचारलं आणि माउसकडे हात नेला. मी तो हात झटकला.

“नको,” आत्या फुसफुसली. “मी थांबली नवती. हलदीचा धवला आर्धा टाकत नाय. डीजे वाजत व्हता तवा पन मी गात व्हती, सगला म्हनला.” तिने डोळे मिटून कान आणखी दाबला. “गप ऱ्हावा जरा. खाली हाय मी.”

कॅसेट संपेपर्यंत ती तशीच वाकून उभी होती. आम्ही दोघंही ऐकत होतो. आम्हाला फक्त डीजे ऐकू येत होता.