गाडी पसंत करायला आलेली माणसं

एक किस्सा सांगायला घ्यावा, तर दुसरा मध्येच तोंड घालतो, असं माझं झालंय. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीची ती वर्षं. भोईवाड्यात आमचं गॅरेज होतं. आमचे हे जुन्या मोटारी दुरुस्त करून विकायचे आणि मी सीटा नि टपाचे कॅनव्हास शिवायची. कोणी शिकवलं नाही. जुनी सीट उसवली, पुन्हा शिवली, आलं! टाके घालता घालता गिऱ्हाइकांचं सगळं कानावर पडायचं. मोटार घेताना माणूस जेवढ्या थापा मारतो, तेवढ्या लग्न जुळवतानाही मारत नसेल!

*

गिरगावच्या एका वकिलांनी लांबलचक अमेरिकन गाडी नेली. वाडीचं तोंड केवढं, गाडी केवढी! ती रस्त्यावरच उभी. पुढे कळलं, साहेब कोर्टात ट्रामनेच जातात. मी तोंडावर विचारलं.

"बाई, गाडी हलवली की जागा जाते. मग अशिलांना दिसणार काय?"

*

खोताच्या वाडीतला पीटर लग्नाच्या बँडमध्ये माणसाएवढं उंच व्हायोलिन वाजवायचा. गाडी बघायला आला, तो ते हातगाडीवर घालूनच! इंजिनाकडे ढुंकून पाहिलं नाही. प्रत्येक गाडीत ते आडवं-तिडवं घालून बघितलं. एकीत बसलं एकदाचं.

सोबत आलेली बायको म्हणाली, "आनी मी कुठे बसू रे?"

"तू चालत ये. तुला काय तारा आहेत तुटायला?"

*

आमच्या भागातल्या एका कार्यकर्त्याला सभांसाठी कुणा व्यापाऱ्याने आमच्याकडून चकचकीत गाडी घेऊन दिली. कामगारांपुढे तिच्यातून उतरायचं कसं? गडी दोन गल्ल्या मागे गाडी सोडून घामाघूम चालत यायचा. एकदा लाऊडस्पीकर बांधायला उंच जागा मिळेना. मागून एक कामगार ओरडला, "अहो, गल्लीत लपवलेली गाडी आणा की! टपावर बांधू!"

*

आणि भागाबाई. मिलच्या वाइंडिंग खात्यात सूत गुंडाळत राबून एकट्या बाईने लेकाला डॉक्टर केलं. घराने नुकतीच बौद्ध धम्माची दीक्षा घेतलेली, आणि त्यांच्या चाळीतला हा पहिलाच डॉक्टर. पण पेशंट येईनात! लोक मोटारवाल्या डॉक्टरलाच घरी बोलवायचे. शेवटी मायलेक गाडी बघायला आले.

आमच्या ह्यांनी बंद टपाची छोटी गाडी पुढे केली. "पेट्रोल कमी खाते, गल्लीत वळते, पावसाची चिंता नाही." डॉक्टरला पटली. भागाबाई मात्र उघड्या टपाच्या एका जुन्या गाडीला हात लावून उभी.

"आई, भिजेन ना मी!"

"भीज. बंद गाडीत गळ्यातली नळी दिसंल का कुणाला? म्हणतील, साहेबाचा ड्रायव्हर चाललाय."

आमच्या ह्यांनी तीच गाडी काढून दिली. मी त्या गाडीला कॅनव्हासचा नवा टप शिवून दिला, ओढला की झाकेल असा.

जुलैमधली एक दुपार. वायपर अडकला म्हणून ती गाडी आमच्या दारात थांबली. पाऊस धो धो. डॉक्टर चिंब, मागे बसलेली भागाबाई चिंब, आणि टप घडी घातलेला! माझं डोकंच फिरलं. "हा मी शोभेला शिवला काय?" म्हणत मी टप ओढायला धावले.

भागाबाईने माझं मनगट धरलं.

"थांब गं बाई. पुढं आमच्या मिलचं गेट आहे, पाळी सुटतेय. तेवढं गेट जाऊ दे, मग आम्हीच ओढू."